उत्तर न मागणारा आवाज

माणूस गेला की त्याच्यावरचा राग सोडून द्यावा, असं म्हणतात. मी आयुष्यात कधी भाव सोडला नाही, राग कुठला सोडतोय? आमचे घरमालक जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या फोटोला मी हार घातला, तेराव्याला पोटभर जेवलो, लाडू मागून घेतला. पण त्यांच्या हट्टापायी नवी मुंबईतल्या उलव्यात माझी जी बदनामी झाली ती आहे तिथेच आहे. तिचा हिशेब न करता ते निघून गेले, हे मला अजून पटलेलं नाही.

मी पिठाची गिरणी चालवतो. मूळचा साताऱ्याच्या माण तालुक्यातला. वाशीच्या बाजारात पोती उचलली, मग दुसऱ्याच्या गिरणीवर दळणं टाकली, मग स्वतःची गिरणी घातली. इतकी वर्षं फिरत्या पट्ट्याशेजारी उभं राहून बोलल्यामुळे माझा आवाज असा झालाय, की जेवताना मी बायकोला ‘मीठ दे’ म्हणालो तरी शेजारीण दार उघडून बघते. धंद्यात त्याचा फायदाच होतो. घासाघिशीतलं निम्मं काम आवाज करतो आणि उरलेलं पाय करतात. आधी ओरडायचं, मग ‘राहू दे, ठेव तुझ्याकडेच’ म्हणून चालायला लागायचं. रस्ता ओलांडायच्या आत मागून हाक येते. येतेच. माझ्यापुढे भल्याभल्यांनी भाव उतरवलेत. न उतरवणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्याच गाळ्यात मी गिरणी घातली.

घरमालक मूळ उलवे गावचे. त्यांची भातशेती शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी चार मजले उभे केले. सगळे त्यांना नाना म्हणत. अंगात पांढरा शर्ट, खाली लुंगी आणि पायात नातवाने टाकून दिलेले पोपटी रंगाचे धावायचे बूट. पहिल्या भेटीत आम्ही त्यांच्या बिल्डिंगखाली रस्त्यावर उभे होतो. विमानतळाच्या कामाचे डंपर एकामागून एक चालले होते. मी भाड्याचं बोलायला सुरुवात केली. बाजूच्या गाळ्याचं भाडं काय, या रस्त्याला गिऱ्हाईक किती कमी, छताला ओल कशी आहे, सगळं मुद्देसूद मांडलं. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. “हूं. हूं. बराय.” मला वाटलं, आज आपला दिवस आहे.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला शेजारच्या एटीएमकडे ओढत नेलं.

“नाना, मला पैसे नाही काढायचे.”

“मना पन नाय काढाचे. आत ये, बोलाचा हाय.”

काचेचं दार बंद झालं. आत गार, आणि आवाज म्हणाल तर शून्य. नानांनी दाराला पाठ लावली, लुंगी सारखी केली.

“हां, आता बोल. मगाशी काय बोललास त्यातला एक शबूद मना आयकू आला नाय.”

“मग मान कशाला डोलवत होता?”

“तू वरडत होतास. वरडणाऱ्या मानसाला हूं बोलावा. नायतर तो आजून वरडतंय.”

मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पण त्या एवढ्याशा खोलीत माझाच आवाज काचेवर आपटून माझ्याच तोंडावर यायला लागला. मशीन मला कार्ड घालायला सांगत होतं. बाहेर एक हेल्मेटवाला काच वाजवत होता. ‘राहू दे’ म्हणून चालायला लागावं, तर दाराला नाना टेकलेले. शांततेत मला घासाघीस येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपलं बोलणं आपल्याला नीट ऐकू आलं की माणूस अर्धा तिथेच हरतो. मी त्यांच्या आकड्याला हो म्हणालो. बाहेर आलो तर हेल्मेटवाला मला म्हणाला, “काका, एवढा वेळ? काय मशीनशी लग्न ठरवत होता काय?”

पुढे कळलं, नानांची सगळी महत्त्वाची बोलणी तिथेच होत. भाडेकरू तिथे, प्लंबर तिथे. थोरल्या नातवाचं लग्नही तिथेच ठरलं, असं त्यांचा मुलगा स्वतः सांगे. एटीएमचा वॉचमन त्यांना बघून स्टूल बाहेर घेऊन जाई.

त्यांच्या कानाचं प्रकरण विचित्र होतं. ते बहिरे नव्हते. घरात कुणी हळू आवाजात त्यांच्याबद्दल वाईट बोललं तर ते पुढच्या खोलीतून उत्तर देत. पण चार माणसं एकदम बोलायला लागली, मागे टीव्ही लागला, कुणी मिक्सर फिरवला, की त्यांच्या कानात सगळ्याची खिचडी होई. बेलापूरच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं, वय झालं की असं होतं. आवाज येतो, पण त्यातून शब्द निवडता येत नाहीत. नाना म्हणाले, “म्हंजे तांदूल हाय, खडे पन हायत, नि सूप हरवला.”

मुलाने महागडं कानाचं मशीन आणून दिलं. ते लावून नाना एकदा हॉटेलात गेले. मशीनने त्यांना सगळंच मोठं करून दिलं. चमचा पडला तर देवळातली घंटा, कुणी पापड मोडला तर झाड पडल्यासारखं. तेव्हापासून मशीन शर्टाच्या खिशात. कुणी विचारलं की खिसा थोपटत: “आता खिशाला चांगला आयकू येतंय.”

मग आवाजाला एवढा त्रासलेला माणूस गिरणीला गाळा देतो कसा? त्यांच्या मुलानेही हेच विचारलं होतं. मोबाईलचं दुकान जास्त भाडं देत होतं, पण ते दिवसभर गाणी लावणार. नानांनी त्याला सरळ नाही म्हटलं.

“गिरनीचा आवाज गरीब,” ते मला एकदा म्हणाले. “दिसभर घूं करतंय, पन मना काय इचारत नाय. इमान वरून जातंय, ता पन काय इचारत नाय. आवाजाचा तरास नाय रं. त्याला उत्तर द्यावा लागतंय, त्याचा तरास.”

मला हे त्या वेळी थेरं वाटलं. आता माझीच साठी उलटली. परवा सीवूड्सच्या मॉलमध्ये जेवायला गेलो तर सून काहीतरी बोलली, मी “हो हो, छान” म्हणालो. ती म्हणत होती की गाडीला मागून कुणीतरी ठोकलंय.

हॉटेलात बसायची नानांची जागा ठरलेली. बेसिनशेजारचं टेबल, जिथे कुणी बसत नाही. भिंतीला पाठ आणि उजवा कान माझ्याकडे, कारण तो जास्त चांगला. वेटर आला की ते आधी पदार्थ विचारत नसत. “मिक्सर कवा लावनार?” वेटर म्हणे, चटणी संपली की. “मंग लोकांना चटनी कमी दे.”

पण त्यांची खरी कला मोबाईलवाल्यांवर चाले. पनवेलच्या दवाखान्यात आम्ही नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक सफारीतला गृहस्थ मोठ्या आवाजात मोबाईलवर बातम्यांतलं भांडण बघत होता. मी माझ्या पद्धतीने सुरू होणार, एवढ्यात नानांनी मला कोपराने गप्प केलं आणि त्या माणसाला खेटून बसले. बारीक डोळे करून स्क्रीनमध्ये बघायला लागले.

“यो कोनाला वरडतंय? तुना?”

“नाही हो काका. डिबेट चालू आहे.”

“नि ही बाय? तुजी वयनी?”

“नाही, ती अँकर आहे.”

“मंग तिचा ता कोन आयकत नाय का? बिचारी. परत लाव, मना सुरुवात समजली नाय.”

त्याने बिचाऱ्याने परत लावलं. नानांनी प्रत्येक माणसाचं गाव विचारलं. टाय घातलेल्याला मुलं किती, हे विचारलं. शेवटी “जिंकला कोन?” असं विचारलं तेव्हा त्या गृहस्थाने मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि तो उठून पंख्याखाली उभा राहिला. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, “बग. भांडाचा नाय. पावना व्हायाचा.”

मी ही युक्ती नंतर बसमध्ये करून बघितली. माझ्या आवाजात “ही बाई कोण?” असं विचारल्यावर त्या पोराच्या हातातून मोबाईल पडला आणि कंडक्टरने मलाच खाली उतरवलं. असो.

आता बदनामीकडे येतो.

नानांच्या नातीचं लग्न ठरलं. गावात हळद म्हणजे बेंजो. मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर, मागे जनरेटर, समोर अख्खं गाव नाचतंय. ज्याच्या बेंजोने पलीकडच्या गावातल्या खिडक्या हलल्या, त्याची हळद झाली. पण त्याच मांडवात एका बाजूला धवलारीण बसलेली असते. हळद लागताना धवले गाणारी म्हातारी बाई. तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तो मान जुना आहे, आणि आजही कुणी मोडत नाही. फक्त तिचं गाणं ऐकू आलंच पाहिजे, असं कुठे कुणी म्हटलेलं नाही. स्पीकरखाली ती गात राहते आणि लोक नाचत राहतात.

नानांच्या घरची धवलारीण म्हणजे त्यांची थोरली बहीण. सारसोळ्याला दिलेली, ऐंशीच्या पुढची. हळदीच्या आदल्या दिवशी नानांनी मला एटीएममध्ये नेलं.

“गेल्या टायमाला नातवाच्या हलदीला मी बायच्या म्होरं बसलो. निसते ओठ हालताना दिसले. आमी दोगं आता लग्नातच भेटतो, नि लग्नान कवा काय आयकू येत नाय. तिचा गला हाय तवर एकदा मना तिचा धवला आयकाचा हाय. सगला नको. एक.”

“मग बेंजो बंद करायला सांगा.”

“पोराला सांगला. तो बोलतो, बाबा, हलद हाय का मयत? बेंजो थांबला तं गाव बोलंल पैशे बुडवले.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुजा तोंड मोठा. तू बेंजोवाल्याशी बोल. पोराला कलाचा नाय.”

माझ्या घासाघिशीला त्या माणसाने पहिल्यांदाच मान दिला. मी लगेच हो म्हणालो. तिथेच चुकलं.

हळदीच्या दिवशी बेंजोपार्टीचा मालक स्पीकरच्या वायरी जोडत होता. कानात बाळी, शर्टावर पार्टीचं नाव. मी त्याला बाजूला घेतला.

“धवला लागला की मधे थांबायचं.”

“शेठ, आमी वाजवायचे पैसे घेतो. थांबायचा रेट आपल्याकडं नाय.”

“मग आज काढ.”

“थांबलो ना, तर पोरं माझ्या अंगावर येतील. मागं एका हळदीत जनरेटर बंद पडला. लोकांनी मारलं कोणाला? मला! जनरेटरवाला बाजूला उभा राहून वडापाव खात होता.”

“चहा प्यायला थांबता ना?”

“चहा चालूतच. एक हात कीबोर्डवर, एका हातात कप.”

“आज बसून प्यायचा. सगळ्या पार्टीने. घरमालकाचा मान आहे, कुणी काही बोलणार नाही.”

तो विचारात पडला. गिऱ्हाईक विचारात पडलं की आपण बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे.

“कटिंग?” त्याने विचारलं.

“फुल्ल पेला.”

“कागदाचा?”

“स्टीलचा.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “गरम?”

“उकळता. आणि बशी मिळणार नाही.”

तो खो खो हसला. “शेठ, तुमी लय बाराचे दिसता.” आम्ही हात मिळवले. चहा पिऊन होईपर्यंत जनरेटरसकट सगळं बंद. माझ्या आयुष्यातला हा सर्वात चोख सौदा. मी आचाऱ्याकडे गेलो आणि चहा शेगडीवरून खाली उतरवू नको, सरळ पेल्यात ओत, असं सांगून आलो.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. बेंजो असा लागला की माझ्या छातीतली हाडं वेगवेगळी मोजता आली असती. नवरी पाटावर, बायका हळद लावतायत, आत्या शेजारी बसून, डोळे मिटून ओठ हलवतायत. सगळे नानांच्या बहिणीला आत्याच म्हणत. नाना त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते, उजवा कान पुढे करून, परीक्षेला बसल्यासारखे. मी मांडवाच्या मधोमध, नव्या सफारीत, सगळ्यांना दिसेन असा. मी आचाऱ्याला टॉवेल हलवून दाखवला.

पेले आले. बेंजो मधल्या मधे तुटला. जनरेटर गचका खाऊन थांबला. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. त्या शांततेत सगळ्या मांडवाला एकच बारीक, पण खणखणीत आवाज ऐकू आला. आत्यांना स्वतःला बेंजो थांबल्याचा पत्ता नव्हता. डोळे मिटलेले, सूर जुना धवल्याचा, आणि शब्द?

“हलद लागली नवरीला, नवरी उजलते गो,
पोरीच्या सासूची नजर, ताटान बुडते गो...”

मुलाकडच्या बायकांच्या हातातली हळद हातात राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर या बाईने जुने शब्द केव्हाच सोडून दिले होते. किती तरी हळदींत स्पीकरच्या आडोशाला बसून ती मनात येईल ते गात होती, आणि सगळा गाव तिच्या पाया पडून तिला साडी देत होता! मला हसू आवरेना. मी मोठ्याने हसलो. माझं हसणं म्हणजे तुम्हाला कल्पना आहेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि नेमकं पुढचं कडवं आलं.

“गिरनीवाला साताऱ्याचा, मांडवान मिरवतो गो,
शेराचा दलन नेला तं, पावशेर जिरवतो गो...”

आधी एक बाई फिसकन हसली. मग मांडवच कोसळला. मी ओरडलो, “अहो, पीठ उडतं! गिरणीत घट धरावीच लागते! आणि पावशेर नाही, मूठभरसुद्धा नाही!” हे शंभर टक्के खरं आहे आणि आजही मी कुठेही सिद्ध करायला तयार आहे. पण मांडवात त्या वेळी खरं-खोटं कोण बघतंय? मागून कुणीतरी ओरडलं, “घट कुठं झाली ते पोटावरून दिसतंय, शेठ!”

नाना हसत नव्हते. खुर्ची पुढे ओढून ते आत्यांच्या गुडघ्याला लागले होते. त्यांनी हात वर केला, मांडव गप्प झाला, आणि आत्यांचं तिसरं कडवं आलं.

“भाऊ माजा मानाचा गो, म्होरं बसतो गो,
डोला गेला सांगला त्याला, बराय बोलतो गो...”

नानांचा वर केलेला हात तसाच राहिला.

आत्यांना समोर कुणी तरी फार जवळ आल्याचं कळलं असावं. त्यांनी डोळे उघडले. आधी भावाकडे बघितलं, मग मांडवाकडे, मग चहा फुंकत बसलेल्या बेंजोपार्टीकडे. तोंडावर पदर गेला.

“यो बया! वाजवा रं मेल्यांनो! बंद कनी केला?”

नानांनी हळूच विचारलं, “कनचा डोला?”

“जल्ला तुजा! बराय बोललास ना, त्योच.”

“कवा सांगलास?”

“गेल्या हलदीला. त्याच्या आंदी पन सांगला. तू मान हालवतंस, मना वाटला आयकलास. मंग मी बोलाचा सोरला नि गाला लागले.”

नाना खुर्चीवरून खाली उतरले आणि बहिणीशेजारी जमिनीवर बसले. पोपटी बूट समोर, लुंगी धुळीत. एवढ्यात बेंजोवाल्याने मला लांबून पेला उलटा करून दाखवला. रिकामा. सौदा संपला होता. शब्द म्हणजे शब्द. थोरला मुलगाही जनरेटरकडे धावत निघाला होता. मी त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि स्वतःच्या बदनामीला ताजी हळद लागलेली असताना, ज्याने मला भाड्यात एक पैसा सोडला नाही त्या माणसासाठी, आयुष्यात कधी दिलं नव्हतं ते जादा माप दिलं.

“त्यांना अजून एकेक पेला!” मी आचाऱ्याला ओरडलो. “उकळता! माझ्याकडून!”

त्या पेल्याभरात त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण पाचपन्नास लोक मला घेरून पावशेराचा हिशेब विचारत होते. लांबून एवढंच दिसलं, की आत्यांनी हळदीने भरलेल्या हाताने भावाचा उजवा कान धरून तोंडाजवळ ओढला होता आणि त्या बोलत होत्या. मधेच नाना काहीतरी विचारत, आत्या त्यांच्या डोक्यात टपली मारत, आणि परत कान ओढत. बेंजो पुन्हा लागला, पोरं पुन्हा उड्या मारायला लागली, तरी त्यांचं चालूच होतं.

लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी गिरणीवर पहिली आलेली बाई डबा ठेवता ठेवता गुणगुणत होती. कोणतं गाणं ते सांगायला नको. उलव्यात ते आजही गातात. पोरांना त्यावर नाचताही येतं.

दुपारी नाना आले. आत्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, मुलाची गाडी येईपर्यंत गिरणीच्या बाकड्यावर बसले. त्यांचा उजवा कान पिवळाजर्द होता. धुतलाच नव्हता. मी रात्रभर जुळवून ठेवलेलं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. बेंजोवाल्याशी सौदा मी केला. जादा चहा मी पाजला. आणि गावभर चोर कोण ठरला? मीच! म्हणालो, “नाना, तुमच्या बहिणीला सांगा, पुढच्या हळदीला दुसरं कडवं करायचं. गिरणीवाला इमानदार आहे, असं. भर मांडवात. बेंजो मी थांबवतो.”

नानांनी पिवळ्या कानामागे हात धरला, शांतपणे माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि उठले.

“गिरनीच्या आवाजान काय आयकू येत नाय रं,” ते म्हणाले आणि गाडीकडे चालायला लागले.

त्या दिवशी सकाळपासून लाईट गेलेली होती. गिरणी बंद होती.